मी कापलेली नऊ मिनिटं

"आधी पोतं टाक, मंग बस."

भाऊसाहेब हे दुकानातूनच ओरडले. काउंटरपाशी सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. कोणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं किंवा वाईट वाटण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. मागच्या गोदामात एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर काळी फिरती खुर्ची. भाऊसाहेबांचा मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. तरी मी बसायचं तर युरियाचं रिकामं पोतं अंथरून. मी अंथरलं. उठताना घडी करून खिळ्याला टांगलं. दोन वर्षं रोज हेच केलं. माझ्या कुडत्याला मागून कायम खताचा वास यायचा.

भाऊसाहेबांचं घाटंजीला बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. आमच्या गावात त्यांची कपाशीची मोठी शेती. माझा बाप त्यांच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बांधलेला गडी. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. त्यांच्या घरी आमची पायरी कोणती आणि ग्लास कोणता, हे आम्हाला चालायला लागायच्या आधीच शिकवलेलं असायचं.

मी बारावी झाले तेव्हा बापाने मालकाला हात जोडून मला दुकानात लावलं. झाडू मारायचा, डबे पुसायचे, आलेला माल वहीत लिहायचा. बापाला केवढा आनंद! "सावलीत हाय पोरगी," असं तो वस्तीभर सांगत फिरायचा. जन्मभर ऊन डोक्यावर घेतलेल्या माणसाला सावलीची किंमत विचारावी.

मला मात्र वेगळंच वेड लागलं होतं. मोबाइलचा नेट नुकता स्वस्त झाला होता. दुपारी दुकान सुस्त पडलं की मी फुटक्या काचेच्या फोनवर व्हिडिओ कसे जोडतात, कसे कापतात ते बघत बसायची. शिकवणारा हिंदीत बोलायचा आणि एवढा भरभर की त्याच्या बोटांमागे धावता धावता दम लागायचा. लग्नाचे व्हिडिओ आपण बनवायचे, असं मी मनाशी घेतलं होतं. शहरातला स्टुडिओवाला आमच्या वस्तीतल्या लग्नाला यायचा तेव्हा जेवणाच्या पंगतीआधीच कॅमेरा बंद करून निघून जायचा. मला ते फार लागायचं.

त्या शिकवणाऱ्यानेच एक फुकटचं सॉफ्टवेअर सांगितलं. मी ते गोदामातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. भाऊसाहेबांनी परवानगी दिली, कारण दुकानाच्या जाहिराती फुकटात होतील हे त्यांना लगेच कळलं. ते सॉफ्टवेअर कोण्या एका मालकाचं नव्हतं म्हणे. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कोणीही वापरावं. हे मला खरंच वाटेना. कोणी काही न विचारता आपल्याला काही वापरू देतं, याची सवय नव्हती. पहिल्या दिवशी ते उघडलं, तेव्हा कोणी बोलेल म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

सगळं इंग्रजीत. मी वहीत माझी नावं लिहून ठेवली. खाली जी लांब पट्टी असते, जिच्यावर व्हिडिओचे तुकडे ओळीने मांडतात, ती पट्टी. कापायचं बटण म्हणजे विळा. एका दृश्यातून दुसऱ्यात जायच्या ज्या कसरती असतात, त्या म्हणजे तमाशा. पहिल्या महिन्यात मी नुसता तमाशाच केला. शेजारच्या काकूच्या शेळ्यांचा व्हिडिओ केला, त्यात दर दोन सेकंदांनी तारे उडत होते, पानं उलटत होती, शेळी गोल फिरून नाहीशी होत होती. माय पाहून म्हणाली, "बकरीले भूत लागलं का वो?" मी पोट धरून हसले. त्या घरात हसल्याची माझी ती शेवटची आठवण नाही, पण तेवढी स्वच्छ दुसरी नाही.

पोळ्याला भाऊसाहेबांनी दुकानाची जाहिरात करायला सांगितली. मी आठ दिवस खपले. पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि त्यांच्या घरी गेले. ओसरीत पाव्हणेरावळे बसलेले, मोठा टीव्ही लावलेला. मी खालून दिलेला पेन ड्राइव्ह कोणीतरी टीव्हीला लावला. काहीच उघडेना. मी घामाघूम. नंतर कळलं, मी नुसती कामाची फाईल आणली होती. तिच्यात कोणता तुकडा कुठं ठेवायचा एवढाच हिशोब असतो, तुकडे नसतात. सगळा व्हिडिओ शिजवून एक करून बाहेर काढावा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. नवशिक्या सगळ्यांची एकदा तरी अशी फजिती होते म्हणतात. पण सगळ्यांना ओसरीच्या खाली उभं राहून ती करून घ्यावी लागत नाही.

"डबा आनला, भाकर घरीच ठेवली," भाऊसाहेब पाव्हण्यांकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमचं काम कापूस येचाचं. डोकं कायले लावता?"

सगळे हसले. मीही हसले. हे मला आज लिहिताना जास्त टोचतं. मी हसले, चप्पल हातात घेऊन फाटकापर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं अंथरून बसले. बाहेर काढायचं शिकले. नको ते तारे काढून टाकले. कुठं कापायचं ते शिकले. माणूस बोलून थांबतो, श्वास घेतो, त्याच्या नेमक्या आधी कापायचं. मग जोड दिसत नाही. जोड न दिसणं हीच कला, असं तो हिंदीवाला म्हणायचा. मी त्यात पटाईत झाले.

त्या वर्षांत कपाशीचं सगळंच उलटं चाललं होतं. अळी औषधाला जुमानत नव्हती. मग दोन औषधं एकत्र करून मारायची, तरी नाही तर तिसरं. झाडं माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. फवारा झाडावर कमी आणि मारणाऱ्याच्या तोंडावर जास्त पडायचा. माणसं चक्कर येऊन पडू लागली. कोणाला दिसेनासं झालं, कोणी परत आलाच नाही. बोभाटा झाला तेव्हा वरून हुकूम निघाले, की दुकानदारांनी मजुरांना अंगभर घालायचं संरक्षक किट द्यावं, ते कसं घालायचं ते दाखवावं. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. सुरक्षित फवारणीचा व्हिडिओ करा, तालुक्याच्या कार्यक्रमात लावू, तुमचा सत्कार करू, म्हणाला. भाऊसाहेबांना सत्काराचा भारी सोस. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या गड्याला उभं करून व्हिडिओ काढला.

तो गडी म्हणजे माझा बाप.

फाईल माझ्याकडे आली ती अकरा मिनिटांची. पहिली दोन मिनिटं कामाची. बाप पांढऱ्या किटमध्ये, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. पंप पाठीवर. भाऊसाहेबांचा आवाज येतो, "सुरक्षित फवारणी, सुखी शेतकरी." बाप मान हलवतो. नंतरची नऊ मिनिटं म्हणजे मोबाइल बंद करायचा राहून गेला होता. बांधावर काठीला अडकवलेला तसाच चालू.

मी ती नऊ मिनिटं एका फटक्यात उडवली. पाहिली नाहीत असं नाही. पाहिली. बापाने किट काढलं, औषध कालवलं, पाणी प्यायला, पंप घेऊन आत गेला. रोजचंच. त्यात काही दिसण्यासारखं मला दिसलं नाही. बाप मान हलवतो आणि थांबतो, त्याच्या नेमक्या आधी मी कापलं. वर बासरी लावली. माझ्या हातून झालेलं ते पहिलं स्वच्छ काम.

तालुक्याच्या सभागृहात ते मोठ्या पडद्यावर लागलं. टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांना शाल, नारळ. बाप मागे भिंतीला टेकून उभा होता. घरी येताना एसटीत म्हणाला, "सिनिमातल्यावानी दिसलो ना वो मी?" मी म्हटलं, हो बाबा. तो खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच हसत होता. एवढ्या वर्षांत त्याला कोणी उभं करून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते असं.

पुढे महिनाही झाला नाही. भर दुपारी बापाला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उचलून आणलं. उलट्या, घाम, तोंडाला फेस. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या, आमच्यासारखेच लोक जमिनीवर सतरंज्या टाकून. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. फळांची पिशवी मायच्या पायापाशी ठेवली आणि डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याले किट देलं होतं साहेब. व्हिडिओ हाय आपल्यापाशी. हे लोकं घालतच नाई, काय कराचं?"

बापाला धड दिसत नव्हतं. आवाजाच्या दिशेने त्याने मान वळवली. मग माझा हात चाचपडला.

"म्या नाई काढलं वो," तो मला म्हणाला. "मालकानंच काढाले लावलं. तुले त मालूम हाय ना?"

मला मालूम होतं. अख्ख्या जगात ते दोघांनाच ठाऊक होतं आणि तिसरी मी. भाऊसाहेब सतरंजीच्या पायथ्याशी उभे होते, माझ्याकडे बघत. मी बापाचा हात दाबला. बोलले नाही. नोकरी, सावली, खुर्ची, काय काय डोक्यात आलं असेल ते असो. मी बोलले नाही. बापाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मान सरळ केली.

जाताना भाऊसाहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "तू दुकानात जाय. त्या फवारनीच्या साऱ्या फाईली उडवून टाक. बापापाशी माय हाय ना."

आणि मी गेले. खोटं कायले बोलू? बाप सतरंजीवर, आणि मी घाटंजीच्या बसमध्ये. इतकी सवय होती हुकमाची.

गोदामात कॉम्प्युटर लावला. उडवायच्या आधी एकदा उघडलं. पट्टीवर कापलं तरी मूळ फाईल तशीच असते, कापलेलं कुठं जात नाही. ती नऊ मिनिटं मी पहिल्यांदा नीट बसून पाहिली.

"काढ बे आता. घाम लागन तेले. टॅग नोको तोडू, वापस ठेवाचं हाय."

बाप किट काढतो. टॅग वर येईल अशी नीट घडी घालतो. उघड्या अंगाने बादलीत दोन डब्यांतलं औषध ओततो. काडी सापडत नाही. कोपरापर्यंत हात घालून ढवळतो. मग म्हणतो, "मालक, घोटभर पानी." भाऊसाहेब पाण्याने भरलेला गडवा, म्हणजे तांब्या, उचलतात. बाप हात पुढे करतो. "गडव्याले हात नोको लावू." बाप चटकन उकिडवा बसतो. दोन्ही हात जोडून ओंजळ करतो. भाऊसाहेब वरून धार सोडतात. बाप पितो. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. तेच हात. औषधात बुडवून काढलेले, न धुतलेले. तिसऱ्या ओंजळीनंतर तो ओल्या हाताने तोंड पुसतो आणि म्हणतो, "हव जी, झालं." मग कपाशीत शिरतो, दिसेनासा होतो. झाडांच्या वर नुसता फवारा उडताना दिसतो. शेवटी भाऊसाहेबांचं तोंड जवळ येतं. "अरे, हे त चालूच हाय." अंधार.

मी हे आधी पाहिलं होतं. या डोळ्यांनी. आणि मला दिसलं नव्हतं, कारण माझी मायही तसंच पाणी पिते, मीही तशीच प्यायले. गडव्याला हात लावू दिला असता तर माझ्या बापाच्या पोटात ते विष रोज ओंजळीने गेलं नसतं. त्यांचा गडवा बाटू नये म्हणून. मी पोत्यावर बसून हे पाहत होते. उठले, पोतं खाली टाकलं आणि त्यावरून पाय देत बाहेर आले. फाईल पेन ड्राइव्हमध्ये घेतली होती. कॉम्प्युटरवरची उडवली होती, सांगितल्याप्रमाणे.

चौथ्या दिवशी सकाळी बाप गेला. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. दवाखान्यात परतल्यावरही वेळ होता, दोन दिवस होते, मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणू शकत होते, हव बाबा, मले मालूम हाय. त्याला शुद्ध नव्हती म्हणून म्हटलं नाही. शुद्ध नव्हती, पण कान होते. हे माझं मला कधी माफ होणार नाही आणि ते मी कोणाला करूही देणार नाही.

तेरवी झाल्यावर चौकशी आली. ग्रामपंचायतीत तालुक्याहून आलेले साहेब टेबलाशी बसले. भाऊसाहेब त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. माय खाली जमिनीवर, मी तिच्यामागे उभी. भाऊसाहेबांनी मोबाइलवर माझा दोन मिनिटांचा व्हिडिओ लावला. बासरी वाजली. बापाने मान हलवली. साहेबांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मजुरास संरक्षक किट पुरविण्यात आले होते, त्याने ते वापरले नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मायला फक्त अंगठा द्यायचा होता.

"ईचारा तिलेच," भाऊसाहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तेच्याच पोरीनं बनवला व्हिडिओ. आमच्याच कम्प्युटरवर शिकली."

मायचा अंगठा शाईच्या डबीवर होता. मी वाकून तिचं मनगट धरलं.

"हव साहेब," मी म्हटलं. "म्याच बनवला. अन् म्याच कापला. कापलेलं हे इथं हाय."

पंचायतीच्या कॉम्प्युटरला मी पेन ड्राइव्ह लावला. कोणी अडवायच्या आत. "काढ बे" ऐकू आलं तसे भाऊसाहेब खुर्चीतून उठले. भाऊसाहेब म्हणाले, "बंद कर ते." कोणी बंद केलं नाही. बाप बादलीत हात घालून ढवळत होता. मायने पदर तोंडात धरला. नवऱ्याला मेल्यानंतर तिने पहिल्यांदा मास्कशिवाय हलताना पाहिलं. साहेब चुळबुळले. "ठीक आहे, समजलं. पुढे घ्या जरा."

"पुढं नाई घेत साहेब. तुमी ते दोन मिनिटं पाह्यले ना? मंग हे नऊबी पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. गडवा आला, धार आली, ओंजळ आली. संपलं. साहेबांनी आधीची ओळ खोडली, किट काढून घेतल्याचं लिहिलं आणि कागद मायकडे सरकवला.

"पान्याचं लिहा," मी म्हटलं.

"कोणतं पाणी?"

त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनाही दिसलं नव्हतं. मी सांगितलं. गडव्याला हात लावू दिला नाही, औषधाच्या हाताने पाणी पाजलं. ते भाऊसाहेबांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "त्यासाठी रकाना नाही इथे."

"मंग खाली लिहा. कागद कोरा हाय. नाई लिहिलं त माय अंगठा नाई देत."

मायने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याची शाई तिने स्वतःच लुगड्याला पुसून टाकली. साहेबांनी लिहिलं, बारीक अक्षरात, अगदी तळाशी. मी दोनदा वाचलं. मग मायने पुन्हा शाई घेतली.

त्या कागदाचं पुढे काय झालं, मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. भाऊसाहेबांचं दुकान चालू आहे. शाल अजून काचेच्या कपाटात आहे. गावात काही जण मायशी बोलत नाहीत, आणि काही जण माझ्याशी बोलताना आधी मला मोबाइल बाजूला ठेवायला लावतात. मायला नवरा परत मिळाला नाही, मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. यातलं काहीही भरून निघणार नाही, आणि निघालं असं कोणी म्हटलेलं मला आवडत नाही.

मी आता वस्तीतल्या लग्नांचे व्हिडिओ काढते, पंगत उठेपर्यंत. आणि फवारणीच्या दिवसांत मोबाइल घेऊन बांधावर उभी राहते. घाटंजीच्या इकडे, मुकुटबनच्या तिकडे, कोणी बोलावलं तर आणि नाही बोलावलं तरी. मालक विचारतात, तू कोणाची? मी बापाचं नाव सांगते. ते म्हणतात, बंद कर. मी बंद करत नाही. जो माणूस औषधाचा हात घेऊन उकिडवा बसेल, त्याच्या हातात आधी मीच गडवा देणार आहे, आणि देताना मालकाचं तोंडही व्हिडिओत घेणार आहे. त्यातलं एक सेकंदही कापणार नाही.